उद्याची खूण

थंडी वाढली की शेडचे पडदे खाली येतात. पिल्लांना वारा लागू नये म्हणून दोन्ही बाजूंची ताडपत्री जमिनीपर्यंत सोडायची, कडेवर माती ओढायची आणि आतली ऊब आत कोंडायची. उबेबरोबर बाकीचंही कोंडलं जातं. खाली पसरलेलं भाताचं तूस, त्यात मिसळलेली विष्ठा, ड्रिंकरमधून सांडलेलं पाणी, या सगळ्यातून उठणारा दर्प आधी डोळ्यांत जातो, मग घशात. नवखा माणूस दारातूनच मागे फिरतो.

शेडवालीला त्याची सवय व्हायला दोन हिवाळे लागले होते. तिच्या मुलीला सवय करून घ्यावीच लागली नाही. तिला तो वास येतच नव्हता.

हे कळलं ते एका संध्याकाळी. पिल्लं येऊन चारच दिवस झाले होते, पिल्लांना ऊब देणारे गॅसचे ब्रूडर दिवसरात्र चालू होते. मुलगी खाद्याच्या पोत्यावर बसून गणितं करत होती. शेडवाली पाण्याची बादली घेऊन आत आली आणि उंबऱ्यावरच थबकली. गॅस. तिनं बादली टाकली, धावत जाऊन टाकीचा कॉक बंद केला, पोरीला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि मग पडदा वर केला. एका ब्रूडरची नळी निघाली होती. मुलगी तिथून हातभर अंतरावर बसली होती.

"वास आला नाही तुला?"

"कसला?"

ती नाकात बोलायची, म्हणून बापानं तिला पुंगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. नऊ वर्षांची. दोन वर्षं तिचं नाक कधी कोरडं झालं नव्हतं. हिरवट-पिवळा शेंबूड, सकाळी उठल्याबरोबर खोकला, खाली वाकलं की कपाळ धरायची. तोंडाला घाण येते म्हणून शाळेत तिच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. गावातल्या दवाखान्यातून सर्दीचं औषध आणायचं, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

त्या संध्याकाळी शेडवालीनं पोरीचे डोळे ओढणीनं बांधले आणि तिच्या नाकासमोर एकेक वस्तू धरली. कापलेला कांदा. अंगाचा साबण. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं.

रॉकेलला पुंगी जरा वेळ थांबली. मग आईला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "पाणी?"

*

शहरात तिची थोरली बहीण राहत होती. गाद्या-उशा भरायचं दुकान, वर दोन खोल्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरणीचा पत्ता तिनंच काढला, नंबर तिनंच लावला, आणि तपासायच्या वेळी पुंगीचा एक हात आईच्या हातात होता तसा दुसरा मावशीच्या हातात होता. म्हणजे डॉक्टरीण जे बोलली ते दोघींनी एकाच वेळी ऐकलं.

डॉक्टरीण तोलून बोलणारी होती. दिव्याची बारीक नळी बाहेर काढून तिनं हातमोजे उतरवले. "दोन वर्षं याला सर्दी म्हणताय? ही सर्दी नाही. नाकाच्या बाजूला हाडांत पोकळ्या असतात, त्यांची तोंडं सुजून बंद झालीत. आत पू साठून राहतो. घरी काय काम?"

"पोल्ट्री. पाच हजार पक्षी. खोली शेडच्या टोकालाच आहे."

"मग औषध एका बाजूनं आणि शेड दुसऱ्या बाजूनं. शेडच जिंकणार."

तिनं उपाय सांगितला तो सोपा होता आणि कंटाळवाणा होता. सुरुवातीला गोळ्या, त्या मधेच सोडायच्या नाहीत. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मोजून मीठ, ते मऊ बाटलीनं एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून बाहेर पडू द्यायचं. सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर फवारा. बारा आठवडे, एकही दिवस न चुकता. आणि या बारा आठवड्यांत धूळ नाही, धूर नाही, तूस नाही.

"आणि नाही फरक पडला तर?"

"तर भूल देऊन आतून साफ करावं लागेल. नऊ वर्षांच्या मुलीला मी उगाच भूल देणार नाही. म्हणून बारा आठवडे मागतेय."

पहिलं पाणी डॉक्टरणीनं तिथेच घातलं. पुंगी अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या नाकपुडीतून आधी काहीच आलं नाही, मग दोऱ्यासारखं पिवळं लांबलचक काहीतरी आलं आणि त्यामागून पाणी. पोर हुंदके देता देता मधेच थांबली. तिनं नाकानं श्वास घेतला.

"आई, आत थंड लागतंय."

बाहेर जिन्यावर शेडवाली खालीच बसली. शेड सोडून जायचं कुठे? पक्षी मालकाचे, शेड मालकाचं, राहती खोलीही मालकाची. खोली आहे म्हणून तर काम धरलेलं.

"माझ्याकडे राहू दे," बहीण म्हणाली. "तीन महिने तर आहेत. समोरच शाळा आहे, मी बाईंशी बोलते."

"ताई, तुझ्याकडे कापूस."

"कापूस खाली. पिंजायच्या मशीनची खोली वेगळी, तिला दार आहे. पोरगी वर राहील, मी खाली असेन. जेवायला तेवढी वर येईन."

"खाली येऊ द्यायची नाही."

"अगं, माझ्या पोटची नाही म्हणून काय परकी आहे का? तुझी शपथ. एक धागा तिच्या अंगावर पडू देणार नाही."

बहिणीला मूल नव्हतं. पुंगीची पहिली झबली तिनंच शिवली होती. शेडवालीनं तिचा हात घट्ट धरला आणि सुटकेचा श्वास टाकला.

*

शेडच्या दारामागे एक तक्ता टांगलेला असतो. मेलेले पक्षी, खाद्याची पोती, पाणी, आणि दिवसातून चार वेळा घ्यायचं तापमान. पहिल्या तीन रकान्यांत लबाडी चालत नाही, पक्षी आणि पोती मोजता येतात. तापमानाचं कोण बघतंय? मालकाचा सुपरवायझर आठवड्यातून एकदा यायचा. तो यायच्या दिवशी सकाळी नवरा-बायको अंगणात बसून आठवड्याचे अठ्ठावीस आकडे भरायचे. तिनं आकडा सांगायचा, नवऱ्यानं लिहायचा. दोन पेनं ठेवायची, मधेच बदलायची. अंगठा मातीत घासून एखाद्या कोपऱ्यावर दाबायचा, म्हणजे कागद रोज हाताळल्यासारखा दिसतो.

गेल्या थंडीत बहीण आली होती तेव्हा तिलाही त्यांनी बसवून घेतलं होतं. भरता भरता नवऱ्याचा हात वाहवत गेला आणि त्यानं दुसऱ्या दिवसाचेही चार आकडे भरून टाकले. सुपरवायझरनं चष्मा वर करून पाहिलं. "वा! उद्या किती थंडी पडणार ते तुम्हाला आजच कळलं? मग पिल्लं कशाला सांभाळता, हवामान खात्यात जा की." सगळे हसले, तोही हसला. बहीण तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वाकडं कोणाचंच झालं नाही. पिल्लांना कळतंच ना, थंडी वाजली की ती आपली आपण गोळा होतात.

पुंगीला बहिणीकडे सोडताना शेडवालीनं तसाच तक्ता केला, कारण कामावर लक्ष ठेवायची तिला ठाऊक असलेली रीत तीच होती. मोठा पुठ्ठा, चौऱ्यांशी ओळी, प्रत्येक ओळीला तारीख. तीन रकाने: सकाळचं पाणी, संध्याकाळचं पाणी, फवारा. केलं की बरोबरची खूण.

"अगं बाई, हे तर तुमचं तापमान!" बहीण म्हणाली.

"हे तसलं नाही," शेडवाली म्हणाली. "हे खरं भरायचं."

"कळतंय गं. गंमत केली."

*

दर दोन दिवसांनी फोन व्हायचा. बहीण सगळं बोलायची. शाळेतल्या बाई चांगल्या आहेत, पोर जेवते, खोकला कमी आहे. मग पुंगीच्या हातात फोन.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"नाक?"

"बरं आहे."

पोर पहिल्यापासून मोजकंच बोलणारी. शेडवालीला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

सातव्या आठवड्यात पक्षी गेले, शेड रिकामं झालं. तूस खरवडून काढायचं, चुना मारायचा, भांडी धुवायची. त्यातून तिनं एक दिवस काढला. अंगावरची साडी खोलीबाहेरच बदलली, केस दोनदा धुतले आणि शहर गाठलं. बहीण तिला दुकानातून नाही, मागच्या जिन्यानं वर घेऊन गेली. "पुढून आलीस तर कापूस लागेल अंगाला, मग तोच पोरीला." शेडवालीला तिचं कौतुक वाटलं.

पुंगी खाटेवर बसली होती. तोंड उघडं होतं.

"थांब, तिचं पाणी राहिलंय," बहीण म्हणाली आणि पोरीला मोरीत घेऊन गेली. दार ओढून घेतलं. किंकाळी नाही, रडणं नाही. पाच मिनिटांत पोर बाहेर आली ती तोंड मिटून.

शेडवालीनं पिशवीतून तीन पुड्या काढल्या आणि ओढणीनं तिचे डोळे बांधले.

"कांदा. साबण." पुंगीनं नाक मुरडलं. "ई, रॉकेल!"

शेडवाली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत होती. भिंतीवर पुठ्ठा होता. एकोणपन्नास ओळी भरलेल्या, निळ्या आणि काळ्या शाईत, एका कोपऱ्यावर बोटाचा डाग. बहीण शेजारी येऊन उभी राहिली आणि तिच्या पाठीवर हात फिरवू लागली.

"ताई, तुझे उपकार कसे फेडू?"

"वेडी आहेस का?" बहीण म्हणाली. तिचा हात पाठीवर मधेच थांबला होता. हे शेडवालीला पुष्कळ नंतर आठवलं.

पुढच्या आठवड्यात नवी पिल्लं आली. एका ब्रूडरचा बर्नर नीट पेटेना, तो बदलायला नवरा शहरात गेला. संध्याकाळी परतला. त्यानं हात धुवायच्या आधीच तिनं विचारलं, "भेटलात का तिला?"

"भेटलो."

"कशी आहे?"

"गाल वर आलेत. छान आहे." तो ब्रूडरखाली आडवा झाला आणि पाना मागू लागला.

*

बाराव्या आठवड्यात तपासणीचा सोमवार आला. बहीण पुंगीला घेऊन दवाखान्याच्या दारातच भेटली. "दुकानावर गिऱ्हाईक खोळंबलंय, तू दाखवून घे, मी जाते." पुठ्ठ्याची गुंडाळी आणि फवाऱ्याची बाटली तिनं पिशवीतून दिली.

डॉक्टरणीनं नळी घातली. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुंगीलाच विचारलं, "बाळ, नाकात थेंब कोणते घालतेस?"

पुंगीनं आईकडे पाहिलं.

"थेंब नाही, फवारा आहे," शेडवाली म्हणाली.

"फवाऱ्यानं असं होत नाही. आतलं सगळं सुजून भरलंय, आधीपेक्षा जास्त. नाक मोकळं करायचे थेंब मिळतात दुकानात. घातले की मिनिटात नाक उघडतं. चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. दिवसातून किती वेळा घालतेस?"

"चार," पुंगी म्हणाली. मग हळूच, "मावशी म्हणाली, आईला सांगायचं नाही. आईला वाईट वाटतं."

डॉक्टरणीनं फवाऱ्याची बाटली कानाजवळ हलवली. "ही दुसरी की तिसरी?"

"एकच आहे."

"एक बाटली महिनाभरही पुरत नाही. ही जवळजवळ भरलेली आहे."

शेडवालीनं गुंडाळी सोडून टेबलावर पसरली. तिला म्हणायचं होतं, हे बघा, रोजचं लिहिलंय. सगळ्या घरांत बरोबरच्या खुणा होत्या. आणि आता, डॉक्टरणीच्या पांढऱ्या दिव्याखाली, तिला त्या दिसल्या. खुणेची शेपटी खालच्या घराकडे ओढलेली, कारण हात खालीच निघालेला होता. रकाना उभा भरला होता, एकामागून एक, एका बैठकीत. दर सात ओळींनी पेन बदललेलं. कोपऱ्यावर मातीचा अंगठा. आज सोमवार होता. खुणा गुरुवारपर्यंत होत्या.

तिला पुढचं काही विचारावं लागलं नाही. ही विद्या तिच्याच अंगणातली होती.

"तक्ता छान केलाय," डॉक्टरीण म्हणाली. तिला टोचायचं नव्हतं, पण ते लागलं.

थेंब आजपासून बंद. आठवडाभर नाक दगडासारखं बंद राहील, पोर रडेल, तरी द्यायचे नाहीत. पाणी आणि फवारा पुन्हा पहिल्या दिवसापासून. बारा आठवडे. "या वेळी भुलीचा कागद मी तयार ठेवते," डॉक्टरीण म्हणाली.

*

या वेळी ती पुढच्या दारानं गेली.

पिंजायची मशीन चालू होती आणि तिच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. हवेत कापूस इतका होता की उन्हाचा पट्टा भिंतीसारखा जाड दिसत होता. मशीनच्या अलीकडे, उशांच्या खोळींच्या ढिगाशेजारी, एक बुटकी गादी टाकली होती. गादीच्या मधोमध खळगा पडला होता, रोज बसून पडतो तसा. बाजूला पुंगीची गणिताची वही, वहीवर पांढरी लव. खिडकीच्या कट्ट्यावर बोटाएवढी थेंबांची बाटली.

पुंगी सवयीनं त्या खळग्याकडे निघाली. शेडवालीनं तिला मागे खेचलं.

बहिणीनं मशीन बंद केली. कापूस हळूहळू खाली बसू लागला.

"काय काम करायची ती?"

"काम कसलं? बसायची. कधीमधी उशांचे कोपरे भरायची. तिचा हात बारीक, कोपऱ्यात नीट जातो. माझा जात नाही."

"तू शपथ घेतली होतीस."

"अगं, दिवसभर वर एकटी! जिन्यात येऊन बसायची. मावशी येऊ का, मावशी येऊ का. किती वेळा नाही म्हणू? मी काय दगड आहे?"

"आणि पाणी?"

बहीण खोळ झटकू लागली, तिच्यात झटकण्यासारखं काही नसताना. "पहिले नऊ दिवस केलं. नऊ दिवस मोजून. ती ओरडायची, पाय झाडायची, एकदा माझ्या हाताला चावली. शेजारचे विचारायला आले, पोरीला मारता का म्हणून. तुझं बरं आहे, तू आई आहेस. आईनं पोरीला रडवलं तर औषध. मावशीनं रडवलं तर छळ. औषधाच्या दुकानात विचारलं, तो म्हणाला हे थेंब घाला. घातले. नाक उघडलं. मला काय वाटणार?"

"मला फोन करायचा."

"आणि काय सांगायचं? जमत नाही म्हणून? मग तू म्हणाली असतीस, पोटची नाही ना."

"मी नसते म्हणाले."

"म्हणाली असतीस."

शेडवाली कदाचित म्हणालीही असती. तिनं गुंडाळी उघडून धरली. "गुरुवारपर्यंत भरलंस, ताई."

बहिणीनं पाहिलं, आणि तिच्या ओठांच्या कडेला क्षणभर ते गेल्या थंडीतलं हसू आलं. आवरायच्या आत येऊन गेलं. मग ती रडायला लागली.

"मला एकटीलाच धरू नको," ती नाक ओढत म्हणाली. "तुझ्या नवऱ्यानं पाहिलं होतं. इथेच, या गादीवर बसलेली. मीच म्हटलं, भाऊजी, सांगता का घरी? ते म्हणाले, आत्ता नको."

पुंगी आईच्या पदराआड उभी होती. शेडवालीनं वही उचलली, झटकली, पिशवीत टाकली. थेंबांची बाटली तिथेच राहू दिली.

"येते," असं म्हणायची पद्धत असते. ती न म्हणताच निघाली.

*

नवरा शेडमध्ये खाद्याची भांडी हलवत होता. ती दारात उभी राहिली, पुंगीला तिनं रस्त्याकडेच्या फाटकाशी थांबवलं होतं.

"तुम्ही पाहिलं होतं."

त्यानं भांडं खाली ठेवलं. कसलं, असं विचारलं नाही, एवढं मात्र खरं.

"पिल्लं तीन दिवसांची होती," तो म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी तिला उचलून आणली असतीस. आणून ठेवायची कुठे? इथे? मग तू तिला घेऊन बसली असतीस आणि पाच हजार पिल्लं मी एकट्यानं सांभाळली असती? चार दिवसांत अर्धी गेली असती, आणि त्यांच्यामागून ही खोली."

"म्हणून गाल वर आलेत म्हणालात."

"आलेच होते."

"सुजले होते ते."

पक्ष्यांचा कलकलाट चालू होता. नवऱ्यानं हात पँटला पुसले. "चुकलं," तो म्हणाला. "पण मला सांग, तू माझ्या जागी असतीस तर?"

बहिणीनंही वेगळ्या शब्दांत हेच विचारलं होतं. चुकणाऱ्याला नेहमी आपल्या जागी कोणीतरी उभं करायचं असतं. ती वळली आणि फाटकाकडे गेली.

फाटकापाशी एक खोली होती, पूर्वी राखणदार राहायचा ती. शेडपासून दोनशे पावलं, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. आत फुटके ड्रिंकर आणि रिकामी पोती भरलेली. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर आला तेव्हा तिनं ती मागितली.

"ती सामानाची आहे."

"सामान मी शेडच्या खोलीत हलवते. मी आणि पोरगी इथे राहू."

"आणि तापमान कोण बघणार?"

"तापमान आजवर कोणीच बघितलेलं नाही," ती म्हणाली. "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आकडे आम्ही बसून भरतो. या आठवड्याचे रिकामे आहेत, बघा. खोली दिलीत तर पहाटेचं आणि रात्रीचं पोरीचे बाबा खरं लिहितील, दिवसाचं मी खरं लिहीन."

नवऱ्यानं मान खाली घातली. सुपरवायझरनं तिच्याकडे पाहिलं, रिकाम्या रकान्याकडे पाहिलं. "बाई, हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला?" तो म्हणाला. थोडा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. "घ्या खोली. मालक आला तर सामान आहे म्हणायचं."

तिनं खोली तीन वेळा धुतली. भिंतींना शेडचाच उरलेला चुना मारला. बाहेर नळाशी आडोसा केला. शेडमधून आलं की आधी तिथे अंघोळ, कपडे बदलायचे, मगच उंबरा ओलांडायचा. दिवसातून तीनदा थंड पाण्यानं अंघोळ करून तिच्या हातांना भेगा पडल्या.

थेंबांवाचूनचा पहिला आठवडा डॉक्टरणीनं सांगितला तसाच गेला. पोर तोंड उघडं टाकून बसायची, घास आणि श्वास एकदम घेता येत नाही म्हणून ताट लोटायची. "मावशीचे थेंब आण," म्हणून हातपाय आपटायची. पाणी घालताना ती आईलाही चावली. शेडवालीनं चावून घेतलं आणि दुसरी नाकपुडी वर केली. आठव्या दिवशी पाण्यामागून तो पिवळा दोरा आला.

दाराच्या आतल्या बाजूला नवा पुठ्ठा होता. त्यावर खूण शेडवालीच करायची, पाणी घातल्यावर, हात ओला असतानाच. त्यामुळे प्रत्येक खूण थोडी पसरलेली होती.

*

पक्षी न्यायला गाडी दुपारची येणार होती, ती आली दिवस मावळताना. पकडणारी माणसं घाईत, पिंजरे मोजायला कोणीतरी हवं. शेडवाली नखशिखांत पिसांनी भरलेली. अशी ती खोलीत जाऊ शकत नव्हती.

"मी घालतो पोरीचं पाणी," नवरा म्हणाला. "अंघोळ करून जातो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दुसरा इलाज नव्हता.

गाडी गेल्यावर ती अंघोळ करून खोलीत आली. पुंगी वाचत पडली होती. नवरा दारात बसला होता, केस ओले. पुठ्ठ्यावर संध्याकाळच्या घरात खूण होती. एकच, सरळ. खालची घरं कोरी.

"पाणी घातलं?"

"घातलं."

"ओरडली?"

"नाही ओरडले, आई," पुंगी आतून म्हणाली. "बाबांनी गोष्ट सांगितली."

शेडवालीनं मऊ बाटली उचलली. ओली होती. तस्त पाहिलं, ओलं होतं. ओलं काय, कोणीही करू शकतं. तिनं मिठाची बरणी उघडून पाहिली आणि झाकण लावलं.

"आता मीठही मोजणार का?" नवरा म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तिनं पाणी कोमट केलं, मीठ घातलं, बाटली भरली. "ये," ती पोरीला म्हणाली.

"आई, झालंय ना!"

"ये."

पुंगीनं बापाकडे पाहिलं. मग उठली, तस्तावर वाकली आणि तोंड उघडलं. शेडवालीनं एका नाकपुडीतून पाणी सोडलं. दुसरीतून ते लगेच बाहेर आलं, धार धरून, नितळ. पिवळा एक थेंब नाही. नाक नुकतंच धुतलेलं होतं.

नवऱ्यानंही ती धार पाहिली. तो उठला, खिशातलं पेन काढून कट्ट्यावर ठेवलं आणि रिकाम्या शेडकडे चालू लागला.

पुंगीनं तोंड पुसलं. "आता दोन खुणा करायच्या?"

"एकच," शेडवाली म्हणाली. तस्तातलं पाणी तिनं लगेच फेकलं नाही. ते हलायचं थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.